उंबरटोल्याची माती

झरपट जिमखान्याच्या टेनिस स्पर्धेचा इतिहास लिहायचं काम वामनरावांकडे आलं, कारण एकही वर्ष न चुकवलेला माणूस तेवढाच एक उरला होता. २०२४च्या डिसेंबरात स्पर्धेचं पंचविसावं वर्ष होतं. १९९९पासून बोटं मोजली तर सव्विसावं भरतं, पण करोनाच्या साली कोर्टावर नुसतं गवत वाढलं होतं.

जिमखान्याचा अध्यक्ष धनराज स्वतः घरी आला. पहिल्या वर्षी तो बावीस वर्षांचा होता आणि पहिल्याच फेरीत हरला होता. आता त्याचे केस पिकले होते.

"वीस पानं लिहा, वामनराव. फोटो मी पाहून घेतो. तुमच्याशिवाय हे सगळं कोणाले आठवते?"

वामनराव एकाहत्तर वर्षांचे. तलाव-दुरुस्तीच्या सरकारी कामावर ओव्हरसिअर म्हणून त्यांचा जन्म चंद्रपूर, मूल, पोंभुर्णा असा फिरण्यात गेला. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगी संघप्रिया कॉलेजात शिकवायची आणि त्यांच्याजवळच राहायची. वामनराव सांगत आणि ती लॅपटॉपवर टाइप करी, असं ठरलं.

पहिले दोन दिवस मोठ्या आनंदात गेले. वामनरावांना सगळं आठवत होतं. पहिल्या वर्षी पंचाची उंच खुर्ची सुताराने एवढी उंच केली होती, की पुण्याहून आलेले पंच चढल्यावर खाली बघायलाच तयार नव्हते. बाहेरचे खेळाडू सगळे पोटासाठी खेळणारे होते, बक्षिसाच्या रकमेवर वर्ष काढणारे. चेन्नई, हैदराबाद, पुण्याकडची पोरं दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून आली. जिमखान्याची तीन कोर्टं मुरमाची होती. चेंडू खड्यावर पडला की भलतीकडेच पळायचा. उपांत्य सामन्यात हैदराबादच्या खेळाडूचा पाय खळग्यात अडकला, घोटा सुजून भोपळा झाला आणि त्याला उचलून न्यावं लागलं. टेनिस संघटनेचे निरीक्षक जाताना म्हणाले, "माती बदला. नाहीतर पुढल्या वर्षी परवानगी मिळणार नाही."

"मग?" संघप्रियाने विचारलं. तिची बोटं बटणांवर थांबली होती.

"मग दुसऱ्या वर्षी…" वामनराव म्हणाले आणि खुर्चीतून उठले. "उद्या लिहू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकदम २००७ सांगायला घेतलं. त्या साली स्पर्धेला आंतरराष्ट्रीय क्रमवारीचे गुण मिळू लागले आणि परदेशी खेळाडू आले. मोहर्लीच्या जंगलात रस्त्यावर वाघ बसला म्हणून खेळाडूंची गाडी दीड तास अडली आणि ताश्कंदचा एक खेळाडू त्या आनंदात आपला सामनाच विसरला. मग २०१३. त्या साली अंतिम सामन्यात एक रॅली सत्तेचाळीस फटक्यांची झाली. लोक टाळ्या वाजवायच्याही विसरले. सामना संपल्यावर जिंकलेला खेळाडू खाली वाकला, त्याने मूठभर लाल माती उचलली आणि रुमालात बांधून नेली.

"बाबा, २००० राह्यलं," संघप्रिया म्हणाली.

"त्यात काही विशेष नाई."

"असं कसं? इथल्या मातीचंच तर सगळे नाव घेतात. आधीच्या वर्षी खड्डे, आणि दुसऱ्या वर्षी एकदम तळहातासारखं कोर्ट. कुठून आली ती माती?"

हा प्रश्न त्यांना शेकडो लोकांनी विचारला होता. "पोंभुर्ण्याकडून," असं ते दरवेळी सांगत, आणि लोक मान हलवून पुढे जात. संघप्रिया पुढे गेली नाही. ती बघत राहिली. मग वामनरावांनी चष्मा काढला आणि तिला जे सांगितलं ते असं.

जिमखान्यात त्यांनी सभासद होण्यासाठी १९९५ साली अर्ज दिला होता. टेनिसचं वेड त्यांना नागपूरला शिकताना लागलं होतं. अर्जाला कोणी नाही म्हटलं नाही. तो फक्त दरवेळी पुढच्या बैठकीवर जायचा. चार वर्षं ते तारेच्या कुंपणाबाहेर सायकल टेकवून सामने बघत. पहिल्या वर्षी स्पर्धेची फजिती झाली, तेव्हा जिमखान्याचे लोक कोर्टावर उभे राहून डोकं खाजवत होते. कुंपणाबाहेरून वामनराव म्हणाले, "मले माती माहीत आहे."

पहिल्यांदाच त्यांना कोणी आत बोलावलं.

माती होती उंबरटोल्याच्या बोडीत. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारा लहान तलाव. झाडीपट्टीत गावोगाव असतात. उंबरटोल्याची बोडी दीडशे वर्षांची असेल. तिच्या पाळीच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, पोटात पिवळसर चिकणमातीचा गाभा होता, बैलांच्या पायांनी तुडवून बसवलेला. खडा नाही, मूळ नाही, लोण्यासारखी माती. २०००च्या उन्हाळ्यात त्याच पाळीच्या किरकोळ डागडुजीचं काम वामनरावांकडे होतं. त्यांनी पाळ मधोमध कापली, गाभा काढला आणि सात ट्रक माती चंद्रपूरला पाठवली. कापलेल्या जागी मुरूम भरला आणि वरून गवताचे थर लावले.

मुरमातून पाणी पाझरतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पाळी बांधणं हेच तर त्यांचं पोटाचं काम होतं.

बोडीची राखण लटारू नावाच्या ढिवराकडे होती. तो मासेमारी सोसायटीचा म्होरक्या. पाणी सोडणं, अडवणं त्याच्याच हाती. माती निघत होती तेव्हा त्याने ढेकूळ हातात घेऊन दाबलं.

"साहेब, माती तं चांगली दिसते. काऊन काढून राह्यले?"

"आतून कुजली आहे, लटारूभाऊ. नवी भरतो."

लटारूने मान डोलावली. साहेब शिकलेले होते. उलट त्याने ट्रक भरणाऱ्या सगळ्यांना मासोळीचा रस्सा आणि भात खाऊ घातला. वामनरावही जेवले.

त्या मातीत विटांचा चुरा मिसळून कोर्ट झालं. डिसेंबरात स्पर्धा झाली आणि लोकांनी वाहवा केली. वामनराव कोर्टप्रमुख झाले. सभासदत्वाचा कागद त्यांना हार घालून दिला गेला. पुढच्या उन्हाळ्यात पाळ नीट करून देऊ, असं ते मनाशी म्हणत राहिले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, मग दुसरं काम आलं.

२००२च्या ऑगस्टमध्ये तीन दिवस झड लागली. पाळ त्याच जागी फुटली. माणूस कोणी दगावलं नाही, पण खालची धानाची बांधी, म्हणजे शेतं, गाळाने बुजली आणि बोडी रिकामी झाली. पाहणी करायला ज्याला पाठवलं गेलं तो माणूस वामनरावच होता. त्यांनी अहवालात लिहिलं, 'सांडव्याच्या फळ्या वेळेत न काढल्यामुळे पाळ फुटली.' पाणी चढलं की फळ्या काढून त्याला वाट करून द्यायचं काम लटारूचं होतं.

त्यांचं सांगून झालं. संघप्रिया म्हणाली, "जिमखान्याच्या लोकांनी तुम्हाला चार वर्षं कुंपणाबाहेर उभं ठेवलं होतं, बाबा."

"त्यायनं ठेवलं होतं," वामनराव म्हणाले. "लटारूनं नाई."

तिने लॅपटॉप मिटला. "जिवंत आहे का तो?"

"माहीत नाई. त्या पाहणीनंतर मी परत तिकडं गेलोच नाई."

रविवारी दोघं गाडीने निघाले. धान कापणीचे दिवस होते. पोंभुर्णा मागे पडल्यावर रस्ता अरुंद झाला. उंबरटोल्याच्या आधी बोडीची पाळ लागली, मधोमध तुटलेली. तुटलेल्या जागेतून पायवाट गेली होती आणि बोडीच्या तळात बेशरमाची झुडपं माजली होती. वामनराव गाडीतून उतरले नाहीत. बघितलं आणि "चल," म्हणाले.

लटारू जिवंत होता. ऐंशीच्या आसपास, एका डोळ्यात मोतीबिंदू, अंगणात खाटेवर बसलेला. बायको गुणाबाई सुपाने धान पाखडत होती. वामनरावांनी नमस्कार केला तेव्हा त्याने चेहरा नाही, आवाज ओळखला.

"ओव्हरसिअर साहेब?" तो धडपडत उठला. "बसा जी, बसा. गुणा, पाणी आण."

वामनराव बसले. काय बोलायचं ते गाडीत तीनदा जुळवलं होतं. पण त्यांच्या आधी लटारूच बोलू लागला. त्याने हात जोडले होते.

"साहेब, तुमी आले हे बरं झालं. माह्या मनात लई दिवसांचं होतं. तुमी एवढी चांगली पाळ बांधून देल्ली होती. माह्या हातानं गेली. त्या दिवशी मी पोरीकडं गेलो होतो, नातू झाला होता. पाऊस पाहून निघालो, पण नाल्याले पूर होता. दोन घंटे उशीर झाला जी. फळ्या काढल्या आन् तेवढ्यात पाळ फुटली. तुमचंबी नाव खराब झालं असन."

 गुणाबाईने आणलेला पाण्याचा गडवा वामनरावांनी हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"लटारूभाऊ, हात खाली करा."

"नाई साहेब…"

"हात खाली करा. चूक तुमची नव्हती. माही होती. मी पाळीतली चांगली माती काढून नेली. ती कुजलेली नव्हती. तुमाले खोटं सांगितलं. चंद्रपूरले टेनिसचं मैदान करायचं होतं, त्याच्यासाठी नेली. इथी मुरूम भरला. मुरमाची पाळ टिकत नाई, हे मले माहीत होतं. अन् मग रिपोर्टात तुमचा दोष लिहिला."

सुपाचा आवाज थांबला.

लटारूने जोडलेले हात सोडले. तो खाटेवर बसला. तो आपल्या चांगल्या डोळ्याने वामनरावांच्या बुटांकडे बघत होता.

"मले एक सांगा," तो म्हणाला. "ते दोन घंटे. मी दोन घंटे आधी आलो असतो, तं?"

इथे खोटं बोलायला जागा होती. थोडाफार फरक पडला असता, असं म्हणता आलं असतं. वामनरावांनी तसं म्हटलं नाही.

"काहीच फरक पडला नसता. तुम्ही सकाळपासून तिथी उभे असते, तरी फुटली असती."

"मंग बावीस वर्स मी कोणाची माफी मागून राह्यलो?"

त्याचा आवाज चढला नव्हता. पण गुणाबाईचा चढला. सूप बाजूला टाकून ती पुढे आली.

"माहीत हाय का तुमाले काय झालं ते? सोसायटीतून काढलं याइले. लग्नाकार्यात पंगतीले कोणी हाक मारे ना. गाव सोडून मूलच्या राइस मिलमधी नऊ वर्स पोते उचलले. झोपेतून उठून म्हणे, फळ्या काढतो, फळ्या काढतो. अन् तुमी तिकडं खेळून राह्यले होते!"

संघप्रियाची मान खाली गेली. वामनराव म्हणाले, "हो बाई. खेळत होतो."

"माफ करा, असं म्हणायला आले का?" लटारूने विचारलं.

"हो."

"मले नका म्हणू." तो उठून भिंतीला धरून उभा राहिला. "गावाले सांगा. ज्यायनं मले बोललं, त्यायच्या तोंडासमोर सांगा. मंग पाहू."

आणि तो घरात गेला. ते निघेपर्यंत बाहेर आला नाही.

गावाची बैठक पुढच्या रविवारी समाजमंदिरासमोर भरली. सरपंचबाई तिशीतल्या होत्या. "पाळ फुटली तेव्हा मी चवथीत होते," त्या म्हणाल्या. चाळीसेक लोक आले. निम्म्यांना बोडीत पाणी असलेलं आठवतही नव्हतं. ते मोबाइल बघत मागे बसले. वामनराव उभे राहिले. हातात कागद होता, पण त्यांनी तो वाचला नाही. जे लटारूला सांगितलं तेच त्यांनी पुन्हा सांगितलं. टेनिस म्हणजे काय, हे एका म्हातारीने मधेच विचारलं, तेव्हा तेही सांगितलं. मऊ माती लागते, त्यावर पाय घसरवत खेळतात, बघायला लांबून लोक येतात. सांगताना ते सगळं त्यांना फार किरकोळ वाटलं.

"म्हंजे खेळाच्या पायी आमची बोडी नेली?" म्हातारी म्हणाली.

"हो बाई."

लहानू नावाचा म्हातारा उठला. त्याची बांधी सगळ्यांत आधी गाळाखाली गेली होती. तो वामनरावांकडे वळलाच नाही. लटारूकडे बघत म्हणाला, "मी तुह्या अंगावर काठी घेऊन आलो होतो."

"हो," लटारू म्हणाला.

"तू काऊन काही बोलला नाई तवा?"

"मलेच वाटत होतं, का माही चूक हाय."

लहानू खाली बसला आणि त्याने उपरण्यात तोंड घातलं. मागच्या पोरांनी मोबाइल खाली ठेवले. एकाने ओरडून विचारलं, या साहेबाला शिक्षा काय? वामनरावांनी सांगितलं, की आपला जुना अहवाल खोटा होता असं त्यांनी सहीनिशी लिहून कार्यालयाला पाठवलं आहे. जे व्हायचं ते होईल. पोरगा म्हणाला, "काही नाई होणार." वामनरावांनाही तसंच वाटत होतं, आणि तेच जास्त बोचत होतं.

ग्रामसेवकाने ठराव लिहिला. पाळ फुटण्यात लटारू यांची कोणतीही चूक नव्हती, असं त्यात होतं. लटारूने तो त्याच्याकडून दोनदा वाचून घेतला. दुसऱ्यांदा आपलं नाव आलं तेव्हा त्याने हात वर करून थांबवलं आणि ती ओळ परत ऐकली. मग कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. वामनरावांशी तो त्या दिवशी एक शब्द बोलला नाही.

इतिहास पूर्ण झाला. २००० आणि २००२ ही दोन वर्षं मिळून साडेतीन पानं भरली. धनराजने ती जिमखान्याच्या व्हरांड्यात बसून वाचली. बाहेर कोर्टावर पाणी मारून रोलर फिरत होता. ओल्या मातीचा वास येत होता.

"हे छापता येणार नाई, वामनराव."

"काऊन?"

"पंचवीस वर्षांचं काम आहे. बाहेरून लोक येऊन राह्यले. अन् तुम्ही लिहिता की ही चोरीची माती आहे!"

"लिहितो म्हणून नाई. आहेच ती."

धनराजने पानं गुडघ्यावर आपटून सरळ केली. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर खरंच दुःख होतं. "तुमच्यामुळे ही स्पर्धा वाचली. तुमचंच नाव तुम्ही कशाले खराब करता? ही साडेतीन पानं काढू. बाकी सगळं फार सुंदर आहे. ते ताश्कंदवाल्याचं तर मी घरी वाचून दाखवलं."

"ती काढायची असतील तर सगळंच काढा."

"वामनराव…"

"अन् कोर्टप्रमुख म्हणून माह्यं नाव आहे, तेही."

पंचवीस वर्षांत ते त्या व्हरांड्यातून कोर्टाकडे न बघता कधी बाहेर पडले नव्हते. त्या दिवशीही पडले नाहीत. मधल्या कोर्टावर दोन मुली सराव करत होत्या. एकीने लांब घसरत जाऊन चेंडू परतवला, मातीवर तिच्या पायाची लांब रेघ उठली. वामनरावांच्या तोंडून सवयीने "वा!" गेलं, आणि लगेच त्यांना स्वतःची किळस आली. ती माती अजून त्यांना आवडत होती.

स्मरणिका निघाली. तिच्यात विजेत्यांची यादी होती, फोटो होते आणि इतिहासाच्या जागी धनराजचं दोन पानी मनोगत होतं. साडेतीन पानं संघप्रियाने छापून उंबरटोल्याच्या ग्रामपंचायतीत नेऊन दिली. कार्यालयाकडून उत्तर आलं नाही.

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी धनराजचा फोन आला. "खुर्ची ठेवली आहे तुमच्यासाठी. या." वामनराव त्याला म्हणाले, की आज जमणार नाही. ते तेव्हा उंबरटोल्यात होते. सरपंचबाईंना बोडीचं काम रोजगार हमीत घ्यायचं होतं, त्यासाठी मापं हवी होती आणि मापं घेता येणारा फुकटचा माणूस दुसरा मिळत नव्हता. लोकांना वामनराव आवडत होते असं नाही. पोरं त्यांच्या तोंडावर त्यांना 'मातीवाले साहेब' म्हणत.

लटारूही पाळीवर आला होता. बोलावलं कोणी नव्हतं. तो दगडावर, सगळ्यांकडे पाठ करून, बोडीच्या कोरड्या तळाकडे तोंड करून बसला.

वामनरावांनी टेपचं एक टोक हातात धरलं आणि दुसरं कोणाला द्यावं म्हणून बघितलं. त्यांची नजर लटारूच्या पाठीवर गेली. शेवटी गुणाबाई पुढे आली. तिने पदर खोचला, टोक घेतलं आणि तुटलेल्या जागेतून उतरून पलीकडे चढून गेली.

"बाई, तिथीच थांबा," वामनराव म्हणाले. "पक्की पाळ तिथून सुरू होते."

"तिथून नाई," लटारू पाठ न वळवता म्हणाला. "अजून दहा पावलं तिकडं. त्या मोहाच्या झाडापासून."

गुणाबाई दहा पावलं पुढे गेली. वामनरावांनी आकडा वहीत लिहिला.